मिल स्ट्रीटवरचे सत्तावीस सेकंद

ही गोष्ट २०१५ सालची आहे. ओहायोतल्या डनबेरी गावात मिल स्ट्रीट आणि फोर्थ स्ट्रीट जिथे एकमेकींना छेदतात, त्या कोपऱ्यावरच्या सिग्नलच्या खांबावर तेव्हा माझा मुक्काम होता. मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. त्या वेळी अगदी नवी होते. रंगाने पांढरी, पावाच्या लादीएवढी, डोक्यावर दोन काळ्या दांड्या. कबुतरांना मी पहिल्याच दिवशी आवडले.

माझे काम होते बोलण्याचे. दर सेकंदाला दहा वेळा मी येणाऱ्या गाड्यांना बिनतारी निरोप पाठवायची, "दिवा लाल आहे, अजून बारा सेकंद लालच राहील." माझे हे बोलणे समजणाऱ्या गाड्या साऱ्या गावात आठ होत्या. त्यांतल्या तीन विद्यापीठाच्या आवारात झाकून ठेवलेल्या असत. उरलेल्या पाचांपैकी एखादी आठवड्यातून दोनदा जाई. बाकीचा वेळ मी विजेच्या तारांशी बोलत असे म्हणा ना. पुढे सगळ्याच गाड्या हुशार होतील, सगळेच रस्ते एकमेकांशी बोलतील, त्याची ही तयारी आहे, असे मला बसवताना सांगितले गेले होते. मी विश्वास ठेवला. नव्या वस्तू ठेवतातच.

खाली रस्त्यावर व्हर्ना कोवाल्चिक उभी असे. शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडून देण्याचे काम ती एकोणीस वर्षे करत होती. अंगात पिवळे जाकीट, हातात 'थांबा' लिहिलेली लाल थाळी. ती थाळी वर झाली की अठरा चाकांचा ट्रकसुद्धा निमूट उभा राही. मुले गेली की नऊच्या सुमारास ती आपल्या थोरल्या बहिणीला, बर्नडीनला, पलीकडे नेई. बर्नडीन एक्याऐंशी वर्षांची होती. ती अलीकडच्या वृद्धाश्रमात राहायची आणि पलीकडे तिचे चर्च होते. रोजची प्रार्थना, मग तळघरात कॉफी आणि दर गुरुवारी दहा-बारा बायकांबरोबर बटाट्याच्या पिएरोगी, म्हणजे पोलिश पद्धतीच्या उकडलेल्या करंज्या, भरणे. चारशे पिएरोगी विकून चर्चचे छप्पर शाकारायचे, हा त्या बायकांचा नेम.

आमचा सिग्नल पायी जाणाऱ्यांना अठरा सेकंद देई. चार चाकांच्या आधारगाडीला धरून चालणाऱ्या बर्नडीनला सत्तावीस लागत. मधले नऊ सेकंद व्हर्नाच्या थाळीचे होते.

त्या वर्षी मार्चमध्ये राजधानीतल्या वाहतूक-संशोधन कार्यालयातून डॉ. थेअर आल्या. मोठ्या चष्म्याच्या, मायाळू बाई. त्यांनी बर्नडीनच्या आधारगाडीला बिस्किटाएवढे एक बटण बांधले. ते बटण जवळ आले की मला ऐकू येई आणि मी दिव्यांच्या वेळा सांभाळणाऱ्या, खांबाखालच्या कपाटाला सांगे, "थांब जरा, बर्नडीन अजून रस्त्यात आहे." मग पायी चालणाऱ्यांचा दिवा सत्तावीस सेकंद राही. सहा आठवडे बर्नडीन एकटी रस्ता ओलांडत होती. मधोमध थांबून ट्रकवाल्यांना हातसुद्धा करायची.

"अगं चल ना!" व्हर्ना कडेवरून ओरडे.

"तू गप गं. पेटी माझ्यासाठी थांबलीय, तुझ्यासाठी नाही."

माझ्या आयुष्यातले ते सहा आठवडे मी कधीच विसरणार नाही. कोणाच्या तरी खरोखर उपयोगी पडत होते मी.

मग चाचणी संपली. बटण काढून पाकिटात घातले. पुढचा टप्पा कधी, ते पुढच्या पाच वर्षांच्या आराखड्यात ठरणार होते. आणि तो आराखडा ठरेपर्यंत आमचा कोपरा 'मूळ स्थिती' म्हणून जपायचा होता. म्हणजे काय, तर सिग्नलच्या वेळा चाचणीच्या आधी होत्या तशाच ठेवायच्या, कोणी हात लावायचा नाही. कपाटाच्या दारावर सही-तारखेची कागदी पट्टी चिकटवली गेली.

तेवढ्यावर भागले नाही. गावाच्या समितीने ऐकले की मिल स्ट्रीटचा कोपरा आता हुशार झाला आहे. हुशार कोपऱ्याला थाळीवाली कशाला हवी? जूनमध्ये शाळा संपली की व्हर्नाची जागा बंद, असे पत्र आले. मित्रांनो, त्या पत्राचे कारण मी होते! कपाटाशी बोलता येत असून मुकाट बसवलेली मी.

ओडेल प्रुइट हा सिग्नलची देखभाल करणारा कारागीर. शिडीची गाडी घेऊन यायचा. व्हर्नाने त्याला गाठले.

"ओडेल, त्या बटणाबिटणाचं राहू दे. कपाट उघड आणि अठराचे सत्तावीस कर. किती वेळ लागतो?"

"दहा मिनिटं, मिस व्हर्ना. त्यातली आठ किल्ली शोधायला."

"मग कर ना!"

"पट्टी दिसत नाही का तुम्हाला? आधीचं आणि नंतरचं यांची तुलना करायचीय त्यांना. आधीचं बदललं तर तुलना कशाशी करणार?"

"आणि नंतरचं कधी येणार?"

"ते ठरवायला मीटिंग आहे."

मीटिंग मे महिन्यात वाचनालयाच्या सभागृहात भरली. मला खांबावरून उतरवून नमुना म्हणून टेबलावर मांडले होते, म्हणून सगळे मी डोळ्यांनी पाहिले. भिंतीवर अकरा मोठे कागद लावलेले. प्रत्येकावर पुढच्या संशोधनाचा एकेक विषय. गाड्यांनी गाड्यांशी बोलणे, मालट्रकांचे काफिले, माहितीची सुरक्षितता, असे. दाराशी प्रत्येकाला पाच हिरव्या टिकल्या मिळत. जो विषय महत्त्वाचा वाटेल त्यावर टिकली चिकटवायची, आणि जास्त टिकल्यांचा विषय आराखड्यात वर. त्या लोकांची हीच पद्धत. शंभर कोटींचे संशोधन असो की सहलीचे ठिकाण, टिकल्या चिकटवूनच ठरायचे.

आधी डॉ. थेअरनी प्रात्यक्षिक ठेवले. बटण पाकिटातून निघाले. बर्नडीन आधारगाडी घेऊन सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली आणि मी टेबलावरून शेजारी ठेवलेला नमुन्याचा दिवा हिरवा धरून ठेवला. सगळे घड्याळे बघत होते. सत्तावीस सेकंद! टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉ. थेअरनी फोटो काढला आणि बटण परत पाकिटात ठेवले.

"अहो, ते राहू द्या की तिच्या गाडीला," व्हर्ना म्हणाली.

"पुढच्या टप्प्यात नक्की, मिस कोवाल्चिक."

व्हर्नाने अकराही कागद वाचले. पायी चालणाऱ्यांचा एकही नव्हता. तिने बारावा कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिले, 'मिल स्ट्रीट, सत्तावीस सेकंद.' आपल्या पाचही टिकल्या त्यावर लावल्या. बर्नडीनने पाच लावल्या. ओडेलने इकडे तिकडे पाहून आपल्या पाच लावल्या. पंधरा टिकल्या! मालट्रकांच्या काफिल्यांना चौदाच मिळाल्या होत्या.

डॉ. थेअरनी कागदावरच्या टिकल्या मोजल्या. "हे फार महत्त्वाचं आहे," त्या म्हणाल्या. "पण इथं आपण देशाची दिशा ठरवतोय. एका कोपऱ्याचा प्रश्न त्यात बसत नाही. मी तो 'नंतर पाहू'मध्ये ठेवते."

कोपऱ्यात 'नंतर पाहू' असे लिहिलेला आणखी एक कागद होता. त्यावर कोणाच्याच टिकल्या मोजत नसत.

"डॉक्टर," व्हर्ना म्हणाली, "तुमचा आराखडा कुठल्या साली संपतो?"

"दोन हजार वीस."

"माझी बहीण तेव्हा शहाऐंशीची असेल. तोवर तिनं कुठं उभं राहायचं? अलीकडच्या फुटपाथवर की मधोमध?"

बर्नडीनच मधे पडली, "व्हर्ना, पुरे. त्या बाई वाईट नाहीत." आणि मग, कोणाकडेही न बघता, "गुरुवार गेला तर मी खिडकीतली कुंडीच होईन. पाणी घालायचं न् ऊन दाखवायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओडेल मला परत खांबावर चढवायला आला. स्क्रू आवळले, खाली उतरला आणि कपाटासमोर उभा राहिला. व्हर्ना जवळच होती.

"मिस व्हर्ना, तिकडं तोंड करा बरं. नाहीतर उद्या साक्ष द्यावी लागेल."

"मी पोरांकडं बघतेय. मला काय दिसणार?"

"एकही पोरगं नाही रस्त्यावर."

"म्हणून तर नीट बघावं लागतंय."

टर्रकन पट्टी फाटली. दहा मिनिटेही लागली नाहीत. अठराचे सत्तावीस झाले.

आता मित्रांनो, मला खोटे बोलता येत नाही. खरे बोलणे हीच माझी घडण. त्या सकाळपासून मी दर सेकंदाला दहा वेळा खरे तेच सांगत होते की सत्तावीस, सत्तावीस, सत्तावीस. माझा प्रत्येक शब्द राजधानीत साठवला जात होता. मी जीव मुठीत धरून होते की आज पकडतील, उद्या पकडतील. आठवडा गेला, महिना गेला. जूनमध्ये व्हर्नाने थाळी परत केली आणि दुसऱ्या दिवसापासून बर्नडीन एकटी, बटणाशिवाय, चर्चला जाऊ लागली. तरी कोणी काही म्हणेना. माझ्यासाठी एवढा आटापिटा केला, माझे बोलणे एवढे जपून ठेवले, आणि ऐकले मात्र कोणीच नाही!

ऐकले ते दोन वर्षांनी. एका तपासनिसाच्या लक्षात आले की मूळ स्थिती बदललेली आहे. ओडेलला ताकीद मिळाली. पण दोन वर्षांची नोंद टाकून कशी द्यायची? मोठा खल झाला आणि शेवटी तक्त्यात दुरुस्ती केली गेली, 'मिल स्ट्रीट, मूळ स्थिती: सत्तावीस सेकंद.' कपाटावर नवी पट्टी चिकटली. हात लावू नये.

बर्नडीन एकूण सहा वर्षे त्या रस्त्याने एकटी गेली-आली. २०२१च्या मे महिन्यात, एका गुरुवारी, पिएरोगी भरून परतल्यावर ती आपल्या खुर्चीत झोपली आणि उठली नाही. ओडेलने त्या ताकिदीच्या पत्राला चौकट करून ती गॅरेजमध्ये टांगली. आता तो ईरी सरोवरावर मासे धरतो. डॉ. थेअर आणखी एक आराखडा लिहून निवृत्त झाल्या. त्याच्या मुखपृष्ठावर सभागृहात चालणारी बर्नडीन आहे. आत पायी चालणाऱ्यांना दोन पाने आहेत. त्यांनी एक प्रत व्हर्नाला पाठवली, सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी होती, 'तुमचे बरोबर होते.' व्हर्नाचे गुडघे गेले. आता बर्नडीनचीच आधारगाडी घेऊन ती चर्चला जाते. तिला पंचवीस सेकंद लागतात.

मी ज्या लहरींवर बोलत असे, त्या सरकारने दुसऱ्या कामाला दिल्या. एका सकाळी मी मुकी झाले. सध्या गावाच्या गोदामात, रंगाच्या डब्यांमागे पडून आहे. माझ्या जागी नवी पेटी आली आहे. तिचेही बोलणे समजणाऱ्या गाड्या अजून थोड्याच आहेत, आणि पुढच्या आराखड्यासाठी टिकल्यांची पाकिटे आली आहेत म्हणे.

मित्रांनो, तुम्ही मोठे झाल्यावर तुमच्याही हातात टिकल्या येतील. पुढच्या दहा वर्षांचे खुशाल ठरवा. मात्र सभागृहात जाण्याआधी एकदा बाहेरच्या रस्त्यावर उभे राहा आणि कोणाला किती सेकंद लागतात ते मोजा. जे दहा मिनिटांत होण्यासारखे असेल ते करून मग आत जा.