भिंतीतला पाइप

या, असं जवळ सरकून बसा. महाराज अजून कपाळाला भस्म लावताहेत, टाळ खालीच आहेत. तेवढ्या वेळात मुरूम गावातल्या एका स्वयंपाकघराची गोष्ट सांगून होईल. ऐका.

दीपालीच्या हातात छिन्नी होती, आणि ती भिंतीवर टेकवायचा धीर तिला होत नव्हता.

शिवनाम सप्ताहातलं महाराजांचं आणि टाळकऱ्यांचं जेवण परवा तिच्या घरी होतं. वीस पानं. तीन वर्षं मागितलेला मान यंदा पदरात पडला होता, आणि नेमकं यंदाच स्वयंपाकघर उघडंवाघडं पडलं होतं. काम खरं महिन्यापूर्वीचं. सिद्धाराम मिस्त्री आज येतो, उद्या येतो म्हणत ते सप्ताहापर्यंत रेंगाळलं. फोडाफोडीची मजुरी वाचवू, तेवढं आपणच करू, ही कल्पना मात्र तिचीच. नवरा, योगीराज, नको नको म्हणत होता. आपल्याला हात न्हायत का, असं तिनंच त्याला ऐकवलं होतं.

जुना ओटा दोघांनी मिळून काढला. आता एकच राहिलं होतं. सिंकचं सांडपाणी बाहेर काढायला भिंतीत आरपार भोक. योगीराज फरश्या आणायला उमरग्याला गेलेला. सकाळी सिद्धाराम येणार, आणि भोक तयार नसेल तर दुसऱ्या कामावर निघून जाणार, हे त्यानं फोनवर दोनदा बजावलं होतं.

पण त्याच भिंतीतून गच्चीवरच्या टाकीचा पाइप खाली उतरत होता. नेमका कुठून, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. टाकीचा कॉक गंजून बसलेला, फिरवायला जावं तर तुटायचा. गावाला पाणी आठ-नऊ दिवसांनी सुटतं. ते कालच येऊन गेलं होतं. हंडे, बादल्या, पिंप सगळं भरून झालं, तरी हजार लिटर टाकीतच होतं. पाइप फुटला तर ते सगळं अंगणात वाहून जाणार, आणि परवा वीस माणसं पाटावर बसणार.

बाहेर बाजेवर सासरे गुंडाप्पा बसले होते. तिनं तिसऱ्यांदा विचारलं. मघाशी त्यांनी पाइप खिडकीखाली सांगितला होता, मग दाराकडं. आता ते डोळे मिटून म्हणाले, "खिडकीखालीच असंल. न्हाय तर नसंल."

"मामा, असं अर्धं अर्धं सांगू नका हो."

"मी कुठं हुतो घरी? म्या तवा कारखान्यावर. सगळं महालिंगप्पाच्या हातचं. त्याला इचारायचं, तर तो शिवाला प्यारा झाला."

महालिंगप्पा गवंडी. गिलावा करताना हलक्या आवाजात भजन म्हणायचा. दीपाली तेव्हा नवी नवरी होती. चहा घेऊन गेली की पुढचं कडवं ऐकायला दाराआड थांबायची.

तिनं मनात शिवा शिवा म्हटलं आणि खिडकीपासून लांब, दाराच्या बाजूला छिन्नी लावली. हलकासा ठोका. थांबून ओल येते का पाहिलं. पुन्हा ठोका. गिलाव्याचा पापुद्रा पडला. सहाव्या की सातव्या घावाला आवाज बदलला. ना विटेचा, ना सिमेंटचा. किणकिण वाजलं.

हातोडा तिथंच थांबला. तिनं बोटानं माती झाडली. आत पांढरं काही चमकलं, त्यावर निळं फूल.

दीपाली खालीच बसली. ही कपबशी तिनं फोडली होती. सासूच्या माहेरची. गवंड्याला चहा देताना हातातून निसटली, आणि ती रडायच्या बेतात आली. महालिंगप्पानं तुकडे गोळा करून भिंतीतल्या ओल्या सिमेंटात दाबले आणि म्हणाला होता, "रडू नका सूनबाई, पाइपावर निजवतो यांना. उद्या कुणी फोडायला आलं, तर आधी हे बोलतील."

त्या वेळी तिला वाटलं होतं, बापडा आपली समजूत काढतोय.

नखानं एक तुकडा सरकवला. मागं पाइप होता, घाम आल्यासारखा गार. अजून एक घाव, आणि सगळं संपलं असतं.

गुंडाप्पा दारात येऊन ते निळं फूल निरखत राहिले. दीपालीनं कपबशीचं खरं काय ते सांगून टाकलं. "म्हंजे तू फोडली व्हय? तुझी सासू सहा म्हैने बोहारणीच्या नावानं खडे फोडत हुती."

"सांगू नका हो मामा आत्यांना."

"बघू. परवा पुरणपोळी किती वाढतीस त्याच्यावर हाय."

तिनं हातभर अंतर सोडून भोक पाडलं. संध्याकाळ झाली, तळहाताला फोड आले, पण भिंत कोरडी राहिली. ते तुकडे तिनं होते तसेच ठेवून वरून ओलं सिमेंट लिंपलं.

तिसऱ्या दिवशी महाराजांच्या पायांवर त्याच टाकीतलं पाणी पडलं. तांब्या दीपालीच्या हातात होता.

घ्या, टाळ वाजायला लागले. आता नामघोष होईल. तुम्ही म्हणाल त्या नावांत एकदा, मनातल्या मनात का होईना, त्या महालिंगप्पा गवंड्याची आठवण ठेवा.