नाल्याचा भाग जरा सावकाश

तुम्ही माझ्या आईला अजून माफ केलेलं नाही. देवाने केलं, तुम्ही नाही. हे तोंडावर सांगायला पावणे एमआयडीसीत आलो होतो. तुमच्या माणसाने प्रार्थनेच्या गाळ्याच्या शटरपाशीच अडवलं. म्हणे, पास्टर प्रार्थनेत आहेत. म्हणून लिहून देतोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

तुम्ही आईला ओळखता, पण बाकीच्यांनाही कळू दे. चांगुणाबाई, सारसोळ्याची कोळीण. मी तिचा मुलगा, दिपेश. बाप गेल्यावर तिने मागच्या दाराने हातभट्टी विकली. गावाला माहीत होतं, चौकीला माहीत होतं. पावण्याच्या एका वर्कशॉपमधला फिटर कृष्णात, मूळचा कोल्हापूरकडचा, तिचं रोजचं गिऱ्हाईक. एका संध्याकाळी त्याला धड उभं राहता येत नव्हतं, तरी तिने अजून एक ग्लास भरून दिला. तो घरी पोचला नाही. सकाळी नाल्यात सापडला.

हे तिने केलं. मी ते धुवायला बसलेलो नाही.

त्यानंतर तिने धंदा बंद केला, आणि जेवणही जवळजवळ बंद केलं. बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची आणि गिऱ्हाइकाने भाव विचारला की नुसती बघत राहायची. तिला तुमच्या गाळ्यात कोणी आणलं, आठवतं ना? कृष्णातच्या बायकोने. विजयमालाने. ती आमच्या दारात आली तेव्हा आळीतल्या बायका काम टाकून बघायला जमल्या, आता चप्पल निघणार म्हणून. विजयमाला म्हणाली, "मी प्रार्थनेला जाते तिथं चल. एकटीनं रडून काय व्हनार हाय?"

तुम्ही आईला खाडीत बाप्तिस्मा दिलात. पाण्यातून वर काढून म्हणालात, "सिस्टर, जुनं सगळं खाडीत गेलं. भरती येवो, ओहोटी येवो, ते आता वर येणार नाही." मी काठावर टॉवेल घेऊन उभा होतो. त्या दुपारी आई ताटभर जेवली. बांगड्याचं डोकं चोखता चोखता कशाला तरी हसली. मी तुमच्याकडे यायला लागलो तो त्या ताटामुळे. तुमच्या भाषणामुळे नाही, एवढं समजून घ्या.

मग तुमची ती साक्ष सुरू झाली, सगळ्यांसमोर उभं राहून आपलं पाप सांगायची.

पहिल्यांदा ती स्वतःहून उभी राहिली. बोलून मोकळी झाली, लोक रडले, झालं. पण तुम्ही रडणारे लोक बघितलेत. पुढच्या महिन्यात तुम्ही तिला उभं केलंत. त्याच्या पुढच्या महिन्यात आधी बाजूला घेऊन सांगितलंत, "सिस्टर, नाल्याचा भाग जरा सावकाश सांगा. आणि रडू आलं तर अडवू नका." कीबोर्डवाल्याला तर इतकी सवय झाली की आई नाल्यापाशी आली की तो आपोआप खालचे सूर धरायचा. शेजारच्या खुर्चीवर विजयमाला खाली मान घालून बसलेली असायची. तिच्याकडे तुम्ही एकदा तरी बघितलंत का?

दर महिन्याचा पहिला रविवार. साक्ष झाली की घरी ताट पुन्हा तसंच पडून. मी तुम्हाला सांगितलं, पास्टर, आई जेवत नाही. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "ब्रदर, पवित्र आत्मा काम करतोय."

त्याच्या नावावर काहीही खपवू नका.

आणि मग तो फ्लेक्स. आमच्या गावच्या नाक्यावर, रिक्षा स्टँडच्या वर. "काल दारूवाली, आज प्रभूची लेक! ऐका सिस्टर चांगुणा यांची थरारक साक्ष. द्रोणागिरी मैदान." आईचा फोटो, आणि त्याच्या दुप्पट तुमचा, हात जोडलेला. आई पाटी घेऊन बाजारात गेली तर पहिलीच हाक, "चांगुने, नाक्यावं फोटू लागलाय गो तुजा! इलेक्शनला उभी हायेस का?"

दुसरी म्हणाली, "निशानी काय? बाटली का?"

सगळा बाजार हसला. आई पाटी तशीच उचलून घरी आली. मला म्हणाली, "दिपेश, खाडीत गेलं बोलले व्हते ना रं ते? मंग नाक्यावं कसं आलं?"

फ्लेक्स मी उतरवला. कोयत्याने दोऱ्या कापल्या. कोणी फाडला म्हणून विचारत फिरताय ना, तो मी.

रविवारी तुम्ही माइकवरून नाव पुकारलंत. द्रोणागिरीच्या मैदानातल्या कन्व्हेन्शनची तयारी म्हणून सिस्टरने आज एकदा साक्ष द्यावी. आई जागेवरच उभी राहिली. "पास्टर, मी नाय सांगनार. आज नाय, द्रोनागिरीला पन नाय."

तुम्ही हसलात. "लाज वाटते, सिस्टर? वधस्तंभावर प्रभूला लाज वाटली का?"

"लाज नाय. ज्याला सांगायचं त्याला सांगून झालं माजं."

तेव्हा तुमचा आवाज बदलला. "हा सैतान बोलतोय. जो साक्ष लपवतो त्याचं मन साफ नाही. घरी जाऊन मन तपासा. तोवर प्रभुभोजन घेऊ नका."

तुमचा ब्रदर निशांत प्रभुभोजनाच्या पावाच्या तुकड्यांचं ताट घेऊन रांगेतून आला. आईपाशी आला आणि ताट उंच धरून पुढे गेला, पंगतीत एखाद्याला मुद्दाम चुकवावं तसा. आईचा हात पुढे आलेला होता. तो तसाच राहिला.

विजयमालाने आपला तुकडा घेतला आणि उभी राहिली. ती कधी बोलत नाही हो. तीन पोरं वाढवली त्या बाईने, आवाज चढवला नाही.

"पास्टर, माझा नवरा एकदाच मेला," ती म्हणाली. "तुमी त्याला दर म्हैन्याला नाल्यात ढकलताय. वर ह्यो पेटी वाजवतोय. किती येळा मारनार हाय त्याला?"

"सिस्टर, बसा."

"बसते की. पर आदी ह्ये." तिने तुकडा मोडला, अर्धा आईच्या तळहातावर ठेवला. "खा गं चांगुणा."

शेजारच्या गाळ्यात ओव्हरटाइमचा ग्राइंडर चालू होता. तुम्ही म्हणालात, "पुढचं गाणं सुरू करा."

आईने खाल्लं नाही. मूठ मिटली. तशीच बसमध्ये चढली, दुसऱ्या हाताने तिकिटाचे पैसे दिले. घरी येऊन तुकडा स्टीलच्या डबीत ठेवला, मिसरीच्या डबीशेजारी. रोज सकाळी झाकण काढते, बघते, परत लावते. तुकडा वाळून कडक झालाय.

मी म्हणालो, "आये, खा ना. विजयमावशीने दिलाय. तिच्यापेक्षा मोठं कोण आहे?"

"तिनं दिला रं. पन तिनं दिला म्हंजे त्यानं दिला का?"

"हो."

"तू काय पास्टर हायेस?"

इथे माझं डोकं फिरतं. ज्या बाईचा नवरा गेला तिने माफ केलं. ज्याने वधस्तंभावर जीव दिला त्याने माफ केलं. आणि आई अडून बसली आहे तुमच्यापाशी, कारण देवाचं म्हणणं तुमच्याच तोंडून येतं असं तुम्ही तिला शिकवलंत. मी घसा फोडून ओरडलो तरी तिला पटत नाही. माझ्याकडे माइक नाही.

तर सारसोळ्याला या. एकटे या, कीबोर्डवाल्याला आणू नका. आमच्या ओटीवर बसा, ती डबी उघडी ठेवतो. तिच्या डोळ्यांत बघून बोला, सावकाश, तुम्हाला सावकाश आवडतं ना तसं. प्रवचन नको, प्रार्थना नको. तिने तो तुकडा खायचा की नाही?