थिजलेलं मोहाचं तेल

मी एक जुनी काचेची बाटली आहे. मूळची खोकल्याच्या औषधाची. पण मित्रांनो, तो काही माझा खरा जन्म नव्हे. भंडाऱ्याकडच्या एका तेलघाण्यावर गोदाबाईने माझ्यात मोहाच्या बियांचं तेल भरलं, तेव्हा कुठे मी माणसांत आले.

काय रुबाब होता माझा! भाताच्या रोवणीत दिवसभर चिखलात उभं राहून बायकांच्या पायांच्या बोटांत चिखल्या व्हायच्या, नुसती आग व्हायची. संध्याकाळी सगळ्या गोदाबाईच्या ओट्यावर हजर. ती आधी पाय धुवायला लावायची, कोरडे करायची, मगच माझं बूच काढायची. जखम खोल दिसली, तर मात्र सरळ दवाखान्यात पिटाळायची. थंडीत माझ्यातलं तेल तुपासारखं थिजतं. मग गोदाबाई मला मांडीत धरून गप्पा मारत बसे आणि तेल आपोआप पातळ होई. ती ऊब मला अजून आठवते.

पुढे तिचा मुलगा आनंद पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, कर्वेनगरला त्याने फ्लॅट घेतला आणि आईला घेऊन आला. लुगड्यात गुंडाळून मीही आले. सकाळी आनंद आणि सूनबाई नीरजा ऑफिसला, नात कादंबरी शाळेला. दार बंद झालं की घरात आम्ही दोघीच. गोदाबाई बाल्कनीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत बसायची. सगळ्यांच्या पायांत बूट!

एका थंडीत कादंबरीचे कोपर कोरडे पडून लाल झाले, खाज सुटली. गोदाबाईला कोण हर्ष झाला! लगबगीने तिने मला बाहेर काढलं.

"आई, कशाचं तेल आहे हे?" नीरजाने विचारलं.

"मोहाचं."

"मोहाचं? म्हणजे दारूचं?"

"दारू फुलाची असते बाई. हे बियांचं हाये."

शेजारचे श्यामसुंदरकाका नेमके दारात उभे होते. "आजी, भट्टी लावायची असेल, तर आधी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मंजुरी घ्या हो," ते म्हणाले. सगळे हसले. नीरजाने मला उचलून तिरकं केलं. तेल हललं नाही.

"आणि हे खराबही झालंय. गोठलंय बघा."

ती सदाशिव पेठेत वाढलेली. मोहाचं तेल थिजतं, हे तिला कसं ठाऊक असणार? गोदाबाईने एक शब्द सांगितला असता तरी पुरलं असतं. पण नुकतंच हसं झालेलं.  तिने मला बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे ठेवून दिलं.

वर्षं गेली, मित्रांनो. समोर नवी इमारत उठली आणि ऊनही येईनासं झालं. कपडे वाळत घालायला गोदाबाई यायची. तिच्या टाचा भेगाळत चालल्या होत्या. एकदा तिने माझ्याकडे हात नेला आणि मागे घेतला. अगं, घे ना मला! किती तळमळले मी. बाटलीचं कोण ऐकतंय?

एका रविवारी फरशी पुसताना नीरजाला रक्ताचे डाग दिसले. डागांमागोमाग ती बाल्कनीत आली. गोदाबाई टाच धरून बसली होती.

"अहो आई, इतकं होईपर्यंत बोलला का नाहीत? ते तुमचं तेल कुठंय?"

"राहू दे. खराब हाये म्हनलं होतं न तुमी."

 नीरजाने मशीनच्या मागून मला ओढून काढलं आणि गोदाबाईच्या हातात दिलं. "खराब झालंय का हो हे?" या खेपेला तिने विचारलं.

गोदाबाईने बूच काढून वास घेतला. "तवा नव्हतं झालं," ती म्हणाली. "आता झालं."

शरमेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पार खवट झाले होते मी. नीरजाने टाच धुतली आणि तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मलम दिलं. घरी आल्यावर नीरजा ते लावायला खाली बसली, तर गोदाबाई मलमाची ट्यूब मांडीत धरून बसलेली.

"अशी का धरलीत?"

"गरम कराले," गोदाबाई म्हणाली. सवयच ती.

"तेलही असंच करायचात?" नीरजाने विचारलं, आणि गोदाबाई सांगू लागली.

मी कचऱ्याच्या डब्याशेजारी उभी राहून ऐकत होते. मित्रांनो, खवट तेल जखमेला कधी लावू नका, मला खुशाल फेका. पण घरात कुणी बोलायचं थांबलं असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. थिजलेलं आणि खराब झालेलं, लांबून सारखंच दिसतं.