घड्याळजींनी निवडलेली शेवटची रिफिल

मी एक जुना बॉलपेन आहे, मित्रांनो. बोटांनी धरून धरून अंगावरचा मुलामा उडाला आहे, खिशाला अडकवायची क्लिप वाकडी झाली आहे आणि खटका दाबला की कुरकुरतो. पण माझ्या पोटात एक रिफिल आहे, आणि ती जवळजवळ भरलेली आहे. ती तशी का राहिली, तेवढंच मला तुम्हांला सांगायचं आहे.

पितळेच्या एका नळीपासून मला कातलं, घासलं, चकचकीत केलं आणि मखमली डबीत निजवलं. टेलिफोन एक्सचेंजमधल्या एक ऑपरेटर बाई निवृत्त होत होत्या, त्यांच्या सहकाऱ्यांनी मला विकत घेतलं. निरोपसमारंभात कुणीतरी म्हणालं, "बाईंना पेन कशाला? त्यांचं तोंड पुरेसं आहे की!" सगळे हसले. बाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून "थांबा हं, जोडून देते" म्हणणारा तो आवाज होता, आणि घरी आल्यावरही तो कधी दमत नसे. दोन वर्षं मी डबीतच पडून होतो. मला वाटे, आपल्या नशिबी काही लिहिणं नाही.

मग बाईंच्या घशात काहीतरी निघालं. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पण आवाज गेला. कायमचाच गेला. दवाखान्यातून घरी आल्या त्या दिवशी त्या खिडकीशी बसून राहिल्या, आणि त्यांचे यजमान घरभर काहीतरी शोधत राहिले. शेवटी कपाटातून डबी निघाली. यजमानांनी माझा खटका दाबून पाहिला, एक वही बाईंच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "अगं, हात आहे ना शाबूत? मग बोल की!"

बाईंनी लिहिलं, "काय बोलू?"

"झालं! एवढी वर्षं मला बोलू दिलं नाहीस, आणि आता विचारतेस काय बोलू?"

बाई रडता रडता हसल्या. त्या दिवसापासून मी त्यांची जीभ झालो. मित्रांनो, पेनाला याहून मोठा मान मिळत नाही.

यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. सगळे त्यांना घड्याळजी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. घरातच पुढच्या खोलीत त्यांचं टेबल होतं, त्यावर चिमटे, बारीक पेचकस, आणि डोळ्याला लावायचं काळं भिंग. बाई समोरच्या खुर्चीत बसून लिहायच्या, वही फिरवून त्यांच्यापुढे धरायच्या, ते भिंग कपाळावर सरकवून वाचायचे आणि तोंडाने उत्तर द्यायचे. बाई रागावल्या की शब्दाखाली दोन रेघा मारत. दोन रेघा म्हणजे ओरडणं, हे घरात ठरूनच गेलं होतं.

आता इतकं बोलायचं म्हणजे रिफिल किती लागत असेल! बारा-पंधरा दिवसांत एक. आणि या बाबतीत घड्याळजी भारी चिकित्सक. तसे ते हातात येईल तो शर्ट घालणारे, पण रिफिल मात्र मिळेल ती कधी घेतली नाही. सुरुवातीला एकदा लेकीने कुठूनतरी स्वस्तातली आणली होती. मेलीने माझ्या पोटात शिरल्यापासून छळ मांडला. शब्दाच्या सुरुवातीला कोरडी ओढायची, शेवटी डाग टाकायची. बाईंना सांगायचं होतं, "दूध उतू जातंय." 'दूध'पर्यंत शाई उतरली, आणि दूध गॅसवर.

त्यानंतर घड्याळजी स्वतः दुकानात जाऊ लागले. मला खिशात घेऊनच जायचे. स्टेशनरीवाला त्यांना बघून हातातलं काम बाजूला ठेवी, कारण हे गिऱ्हाईक लवकर हलणारं नव्हतं. घड्याळजी रिफिल उजेडात धरून शाईत कुठे पोकळी आहे का बघत. भिंग लावून टोकाची गोळी बघत. मग ती माझ्यात घालत, टोक डगडगत नाही ना याची खात्री करत आणि गल्ल्याशेजारच्या चोपडीवर, जिथे सगळीच गिऱ्हाइकं पेन चालवून बघतात, तिथे मराठी आठाचे आकडे काढत. एकापाठोपाठ एक, हात न उचलता. वळणावर शाई तुटली की रिफिल परत. बोट फिरवल्यावर फासली तरी परत. आणि एवढ्यातून जी पार पडे, तिने ते बाईंची वाक्यं लिहून बघत. "ऐकता का?" "चहा गार झाला." "तुमच्यापुढे डोकं फोडून घेऊ का?" खाली दोन जोरकस रेघा. कागद फाटला नाही, रेघ तुटली नाही, तरच पसंत.

"अहो, पेपरात अग्रलेख लिहायचाय का?" स्टेशनरीवाला एकदा वैतागून म्हणाला.

"माझ्या बायकोचा आवाज आहे तो," घड्याळजी म्हणाले. "घोगरा चालणार नाही."

अशी सहा वर्षं गेली. माझी ती सोन्यासारखी वर्षं.

मग तो दिवस आला. सकाळी दहाची वेळ असेल. घड्याळजी टेबलाशी बसले होते आणि मधूनमधून छातीवर हात फिरवत होते. तीन दिवस हे चाललं होतं. बाईंनी लिहिलं, "अजून दुखतंय ना?"

"पित्त आहे गं."

"तीन दिवस पित्त? डॉक्टरकडे जा."

"जाईन. हे घड्याळ हातावेगळं करतो, मग."

बाईंनी मला घट्ट धरलं. त्यांनी लिहिलं, "आत्ता जा." दोन रेघा मारल्या. पुढे लिहिलं, "नाही तर", आणि माझी शाई संपली.

बाईंनी मला झटकलं, कागदावर गिरवलं, तळव्यावर ओढलं. काही नाही. नुसता कागद खरवडत राहिला. घड्याळजींनी ते पाहिलं आणि, माणूस जन्मभर थट्टा करत आला की नको तिथेही करून जातो, तसं म्हणाले, "बघ, रिफिलसुद्धा म्हणते, पुरे आता."

बाईंनी मला टेबलावर आपटलं आणि त्या पाठ फिरवून खिडकीकडे तोंड करून बसल्या. ओरडता येत नाही अशा माणसाने पाठ फिरवली की घर फार मोठं वाटतं.

घड्याळजी ओशाळले. "अगं... बरं, चुकलं माझं," ते म्हणाले, पण बाई वळल्या नाहीत. मग त्यांनी मला उचलून खिशात घातलं. "रिफिल घेऊन येतो. मग पुरतं भांड."

खिशात मी त्यांच्या छातीला लागूनच असे. चालताना त्यांचं काळीज कसं अडखळत होतं ते मला ऐकू येत होतं. इतकी घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, पण स्वतःच्या आतली टिकटिक त्याला कळली नाही.

दुकानात शिरताच ते म्हणाले, "चांगली रिफिल द्या हो. बायकोचं भांडण अर्ध्यावर राहिलंय."

स्टेशनरीवाला हसला. मग त्याने नीट पाहिलं. "घामाघूम झालात. बसा जरा, पाणी देतो."

"एवढं बघतो, मग बसतो."

मित्रांनो, ती घाई करण्याची वेळ होती. मिळेल ती रिफिल उचलून डॉक्टरकडे जायची वेळ होती. पण ते घड्याळजी होते. पहिली रिफिल त्यांनी उजेडात धरून परत केली. दुसरी वळणावर तुटली. तिसरीचं टोक डगडगलं. चौथी माझ्या पोटात आली आणि मला कळलं की ही वेगळी आहे. लोण्यावरून सुरी फिरावी तशी चालली. आठामागून आठ, कुठे अडखळ नाही. घड्याळजींचा चेहरा उजळला. आता ते बाईंची वाक्यं लिहितील म्हणून मी वाट पाहत होतो. पण त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी स्वतःचं वाक्य लिहिलं.

"तुझंच खरं. आत्ता जातो डॉक्टरकडे."

खाली दोन रेघा मारल्या. दुसरी रेघ पुरी व्हायच्या आत मी त्यांच्या हातातून निसटलो.

स्टेशनरीवाल्याने धावाधाव केली, गाडी बोलावली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. भिंग, चष्मा आणि मी, असे तिघे एका पिशवीतून घरी आलो.

बाई त्यानंतर बोलेनाशा झाल्या. माझ्याशीच नव्हे, कुणाशीच. लेक येऊन राहिली. तिने डझनभर पेनं आणून ठेवली, नवी वही आणली. "आई, काहीतरी लिही गं. मला शिव्या दे हवं तर, पण लिही." बाई वही हलकेच बाजूला सारत. आपण भांडलो नसतो तर ते बाहेर पडले नसते, आपला शेवटचा शब्द रागाचा झाला, हे त्यांच्या डोळ्यांत लिहिलेलं होतं. त्याला पेन लागत नाही.

आणि मी टेबलाच्या खणात, चिमट्यांच्या शेजारी. मला माहीत होतं की ते रागावून गेले नव्हते. मला माहीत होतं त्यांनी काय लिहिलं. पण पेनाला स्वतःचं बोलता येत नाही, मित्रांनो. हात लिहील तेच आम्ही बोलतो. आणि दुकानातल्या त्या चोपडीवर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गिऱ्हाइकांनी रेघोट्या ओढल्या असतील, पान भरलं असेल, फाडलं गेलं असेल. स्टेशनरीवाल्याने तरी ते कशाला वाचलं असेल? त्या धांदलीत कोण वाचतं?

चार महिन्यांनी एका दुपारी खण उघडला. बाईंनी मला बाहेर काढलं. जुनी वही उघडून त्या दिवसाचं पान समोर घेतलं. "आत्ता जा", दोन रेघा, "नाही तर". त्यांनी कोपऱ्यात आठाचा आकडा काढला. इतके दिवस पडून राहिल्याने शाई उतरेना. दुसरा काढला. तिसऱ्या आठाला शाई उतरली, सलग, वळणावर न तुटता. बाईंचा हात थांबला. रिफिल कुणी पसंत केली आहे, ते त्यांना त्या वळणावरूनच कळलं.

मग त्यांनी ते वाक्य पुरं केलं. "नाही तर मी कोणाशी बोलू?"

खाली रेघा मारल्या नाहीत. नेहमीच्या सवयीने त्यांनी वही फिरवली आणि टेबलापलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे धरली. बराच वेळ धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीच्या नव्या पेनांतलं एक उचललं आणि लिहिलं, "चहा गार झाला." लेक ते वाचून ओक्साबोक्शी रडली. बाई आता तिच्याशी बोलतात, थोडंथोडं. मला मात्र पुन्हा कधी हात लावला नाही. ही रिफिल संपू द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसतं.

मित्रांनो, तुम्ही रिफिल घ्याल तेव्हा चार आठ काढून जरूर बघा. चांगल्या वस्तूसाठी दोन मिनिटं थांबायला काहीच हरकत नाही. पण घरात कुणाचं वाक्य अर्ध्यावर राहिलं असेल, तर आधी तिथे थांबा. शाई नसली तरी थांबा, खुणेने विचारा, बोटाने हवेत लिहायला सांगा. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर, "तुझंच खरं, आत्ता जातो", या रिफिलने कधीच लिहून टाकलं होतं, प्रश्न लिहायच्या चार महिने आधी. ते माझ्या पोटात आहे, आणि मला ते त्यांना सांगता येत नाही.