केझायाच्या हातातला धोटा

मित्रांनो, मला जरा निरखून बघा. हातभर लांब लाकूड, दोन्ही टोकांना पोलाद आणि पोटात सुताची कांडी बसवायला खाच. मी एक जुना धोटा आहे, लँकेशायरमधल्या वाफेवर चालणाऱ्या मागाचा. ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे धावत मी मैलोगणती कापड विणलं. बडे लोक आम्हाला बघायला येत, "काय ही वाफेची करामत!" म्हणत आणि कानांवर हात ठेवून बाहेर पळत.

त्या गोंगाटात बोललेलं कुणाला ऐकू येणार? म्हणून आमच्या विणकर बायका आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलत. सासूच्या कागाळ्या, शेजारणीची नवी टोपी, सगळ्याची टिंगल तशीच चाले. कांडी बदलली की माझ्या भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. त्यामुळे माझी केझाया दिवसभर मला ओठांशी लावायची. तिच्या मनातलं मला सर्वांत आधी कळायचं.

तिची लेक थर्झा अंगावर पिणारी होती. दुपारी सासू तिला गिरणीच्या फाटकाशी घेऊन यायची. जेवणाच्या सुट्टीत यंत्र बंद ठेवायचं, असा कायदा झाला होता. पण मालकाला कायद्यापेक्षा कापड प्यारं! सुट्टी निम्मी होते न होते तोच इंजिन धडधडू लागे आणि पोरीला छातीवरून ओढून काढून केझाया धावत येई. थर्झा दिवसेंदिवस वाळत चालली होती. केझायाचे ओठ मला खारट लागायचे.

आमचा जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा मुकादम, एमॉस तिच्याच गल्लीत वाढलेला, एकेकाळी स्वतः विणकर. माग दुरुस्त करताना तो ओठांनीच चिडवायचा, "काय गं, पोरीला इथंच आण की कांड्या भरायला!"

"तुझ्या घरचं पोर उपाशी झोपव एक दिवस, दादा," केझाया म्हणायची, "मग ये दात काढायला."

एके दिवशी सरकारी तपासनीस आले. एमॉस त्यांच्या मागोमाग होताच. तपासनीस केझायापाशी थांबून ओरडले, "बाई, सुट्टीभर यंत्र बंद असतं ना?"

नोकरी गेली तर चूल बंद, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं मान वर केली आणि मनात साठलेलं सगळं सांगून टाकलं. पण मित्रांनो, इथंच घात झाला. सवयीनं तिनं आवाजच काढला नाही. साहेबांना एक अक्षर कळलं नाही. कळलं ते एमॉसला.

"काय म्हणते ही?" साहेबांनी त्याला विचारलं.

"काही तक्रार नाही म्हणते, साहेब."

साहेब वळले. पण एमॉसचे ओठ सगळ्या बायकांनी वाचले होते. केझायानं खटका ओढून आपल्या दोन मागांपैकी एक बंद केला, मग दुसराही. शेजारच्या झिलानं तिचे थांबवले. मग पुढची रांग, मग त्याच्या पुढची.

"अगं ए, चालू करा! अंगाशी येईल!" एमॉस केकाटला.

कुणी हललं नाही. त्या शांततेत केझायाचा घोगरा आवाज उमटला, "यंत्र बंद राहत नाही, साहेब. माझ्या लेकीला पोटभर दूध मिळत नाही." आपलाच आवाज ऐकून ती दचकली.

मालकाला दंड झाला. इंजिन सुट्टीभर गप्प राहू लागलं. फाटकाशी बसून आया आता निवांत पाजतात, असं बायका सांगायच्या. त्यांत केझाया नव्हती. तिला त्याच आठवड्यात काढून टाकलं होतं. थर्झा जगली का, हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि तेच मला सलतं.

आता मी काचेच्या पेटीत असतो. काचेवरची धूळ पुसलीत तर बरं वाटेल, नाही पुसलीत तरी चालेल. पण मित्रांनो, समोरच्या माणसाचे ओठ हलताना दिसले आणि शब्द ऐकू आले नाहीत, तर "तक्रार नाही" असं तिसऱ्याकडून ऐकून पुढे जाऊ नका. आधी आपलं यंत्र थांबवा आणि त्यालाच पुन्हा विचारा.