साहेबांचं पथ्य

साहेब म्हणजे पोपट. तोही मूठभर हिरवा जीव नव्हे. चांगला कोंबड्याएवढा, निळा, चोचीने अक्रोड फोडणारा. रुबाब असा, की गल्लीनेच त्याला साहेब करून टाकलं. घरात दोघीच बहिणी, पक्षी थोरलीचा. तीन महिन्यांपूर्वी ती गेली आणि साहेब धाकटीच्या गळ्यात पडले.

धाकटी कपडे उसवून मापाचे करून द्यायची. थोरली गेल्यावर पाचव्या दिवशी ती मशीनवर बसली ती बसलीच. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर कसली! आत सगळं बधिर झालं होतं. सकाळी सूर्यफुलाच्या बिया वाटीत ओतायच्या, संध्याकाळी एक क्रीमचं बिस्किट टाकायचं, की साहेबांची ड्युटी संपली.

साहेब धापा टाकायला लागले तेव्हा तिने त्यांना पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"यकृतावर चरबी चढलीय. बिया बंद, बिस्किट बंद. नाहीतर हा दोन महिनेही काढणार नाही."

"मग लाड करायला काय देऊ?"

"गाजर, ढोबळी मिरची, उकडलेला मका, बिया काढलेलं सफरचंद. अगदीच शहाण्यासारखा वागला तर एक अक्रोड, बिनमिठाचा."

धाकटीने ते मापांच्या वहीत उतरवून घेतलं. गाजराच्या चकत्या मशीनच्या टिपेसारख्या एकसारख्या कापल्या, वाटी ठेवली आणि मशीनवर गेली. संध्याकाळी सगळं जमिनीवर. दुसऱ्या दिवशी मटार, तिसऱ्या दिवशी पपई, तीही जमिनीवर. खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी! चौथ्या दिवशी वजन नव्वद ग्रॅमने उतरलं. कुणाची कंबर लिहावी तसा तिने आकडा लिहिला.

पुन्हा दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याच्याबरोबर जेवतं कोण?"

"म्हणजे?"

"हे थव्याने राहणारे पक्षी. आपल्यातलं कुणी खाल्लं तरच नवीन पदार्थाला तोंड लावतात. बहीण कुठे जेवायची?"

"टेबलावर. याच्यासमोरच."

"आणि तुम्ही?"

"मी मशीनवरच. काहीतरी हातात घेऊन."

पत्ता सांगावा तसं तिने सांगितलं.

त्या दुपारी तिने मशीन बंद केलं. टेबलाजवळच्या दोन खुर्च्यांपैकी एकीच्या पाठीवर साहेब बसलेले. ती समोरच्या, थोरलीच्या खुर्चीत बसली. दोन ताटल्या, दोन्हींत तेच. तिने गाजराची चकती तोंडात टाकली. साहेबांनी एका डोळ्याने पाहिलं. दुसरी चकती. तिसरी. मग साहेब टेबलावर उतरले, मिरचीचा तुकडा पायात धरला आणि थांबले. तिने आपल्या ताटलीतला खाल्ला, तेव्हा त्यांनी खाल्ला. पुढचा तुकडा उचलला, पुन्हा थांबले.

चला, पक्षी जगणार. तिला बरं वाटायला हवं होतं. पण हे थांबायचं याला शिकवलं कुणी?

थोरली रोज दुपारी हाक मारायची, "ये ना गं, गार होतंय." आणि ही मशीनवरून, "एवढी शिवण मारते, आलेच." अकरा वर्षं. कधीतरी थोरलीने वाट पाहणं सोडलं असेल आणि रिकाम्या खुर्चीवर पोपटाला बसवून त्याच्याबरोबर घासाला घास खाल्ला असेल. साहेब बसतात ती खुर्ची धाकटीची होती.

घास तोंडातच फिरायला लागला. डोळे भरून आले, नाक वाहायला लागलं, तिला ताटली दिसेना. साहेब तुकडा पायात धरून थांबलेच होते. म्हणून ती रडत रडत चावत राहिली.