बसा हो, मी आणते

रबरी पट्ट्याला एक केस चिकटला होता... पांढरा, आखूड, कुणाच्या तरी हातावरचा किंवा छातीवरचा, आणि तो बोटाला लागू न देता पट्टा ताणायचा कसा, या विवंचनेत देवव्रत उभा होता. पट्ट्याला आधीच्या माणसाच्या घामाची चिकचिक आणि कसल्याशा मलमाचा वास. पामर्स्टन नॉर्थ या परदेशी गावातल्या सभागृहात मंगळवारी आणि शुक्रवारी हृदयाच्या ऑपरेशननंतरचा व्यायामवर्ग असा चालायचा. छाती उघडून पुन्हा शिवलेली म्हातारी माणसं रेडिओवरच्या जुन्या गाण्यांवर लाकडी पायरी चढायची, उतरायची, भिंतीला हात टेकून भिंतच ढकलायची. त्यांत हा एकटाच पुण्याचा, दूध पावडरच्या कारखान्यातला इंजिनिअर, पन्नाशी नुकती ओलांडलेला, बायपास होऊन तीन महिने झालेला. शी, त्याच्या मनात आलं. ते दर वेळी दारातच यायचं आणि तास संपेपर्यंत जायचं नाही.

शेजारी कॉलिन. जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरलेला, पंचाहत्तरीचा. आखूड चड्डीखाली, पोटरीवर, शीर काढून घेतल्याचा लांबलचक जांभळा व्रण, ओठांच्या कोपऱ्यात थुंकीचा फेस, आणि तो न पुसता हा माणूस देवव्रतकडे बघून हसणार — "स्वीट अ‍ॅज, मेट," मस्त चाललंय दोस्ता, अशा थाटात. माणसाला आपल्या शरीराची थोडी तरी लाज असावी की नाही... तसाच व्रण आपल्याही पोटरीवर आहे हे आठवून देवव्रतने फुल पँट टाचेपर्यंत खाली ओढली.

"किया ओरा, देव. हाऊ हार्ड इज दॅट?" इथला नमस्कार करत जिल तक्ता घेऊन समोर उभी राहिली. ती इथली फिजिओथेरपिस्ट. हृदय सावकाश चालवणाऱ्या गोळ्यांमुळे नाडीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून ती माणसालाच विचारायची, किती जड जातंय, आणि माणूस जे सांगेल त्यावर पुढचं ठरवायची.

"हार्ड," देवव्रत म्हणाला.

खोटं होतं. सोपं होतं, पोरखेळ होता. पण छातीच्या हाडाला घातलेल्या तारा आतून उसवतील, त्या नव्या शिरा जुन्या रबरी नळीसारख्या फाटतील — ही भीती आकड्यात कशी सांगायची? आणि जिल विश्वास ठेवायची, पायरी होती तितकीच बुटकी ठेवायची. पुढच्या आठवड्यात वर्ग संपणार होता. मग कारखान्यातल्या उंच टाक्यांच्या शिड्यांवर याला परत पाठवायचं, की घरी बसवायचं, ते ठरणार होतं. असं हार्ड हार्ड म्हणत राहिलो तर काय ठरेल ते त्याला नीट कळत होतं, आणि तरी जीभ तोच शब्द काढायची.

भिंतीपाशी खुर्चीवर नीलांबरी बसली होती, मांडीवर नॅपकिन, पायाशी कोमट पाण्याचा थर्मास. बाकीच्यांच्या बायका नवऱ्यांना दारात सोडून कॉफी प्यायला जायच्या. ही जागची हलायची नाही. फार्मसीच्या काउंटरवर हीच बाई गिऱ्हाइकांना बजावायची, रोज चाला, नुसत्या गोळ्या काय करणार. आणि घरी पाऊल टाकलं की, "बसा हो, मी आणते." पाणी, रिमोट, चपला... सगळं. कचऱ्याचा डबासुद्धा तीच रस्त्यापर्यंत ओढत न्यायची. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला की अभिमानाने सांगायची, "इकडची काडी तिकडे करू देत नाही मी त्यांना." तिकडून त्या म्हणायच्या, "शहाणी गं माझी. आप्पांना मी असंच जपलं."

जपलं... चिंचवडच्या कॉलनीतल्या त्या खाटेवर देवव्रतचे वडील, आप्पा, अकरा वर्षं जपले गेले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी दीड महिना पडून राहायला सांगितलं होतं, त्या काळी सांगायचे तसं. घरच्यांनी ते जन्मभराचं केलं. जिना उतरायचा नाही, बादली उचलायची नाही, रागवायचंसुद्धा नाही. आप्पांचे पाय हळूहळू पांढरे, मऊ होत गेले, टाचा तान्ह्या मुलासारख्या. शाळेतून आल्यावर ते पाय चेपायचं काम देवव्रतकडे असायचं, बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ भरून यायचा नाही, आणि त्याला मळमळायचं. तेव्हा तो मनात म्हणायचा, उठा ना... एकदा उठा, आणि पडा हवं तर.

पट्टा सुटून मनगटावर सटकन बसला.

"अहो—" नीलांबरी उठून आलीच. सगळ्यांसमोर, रेडिओ चालू असताना, तिने नॅपकिनने त्याचं कपाळ टिपलं, मग मान, मग कानामागे. नॅपकिन कोरडाच राहिला. तिनेही तो पाहिला. तिने त्याची घडी घातली. कॉलिनच्या हनुवटीवरून घाम टपटप गळत होता. त्याने दुसरीकडे पाहिलं, सभ्यपणे, जसं एखाद्याच्या पँटची चेन उघडी दिसल्यावर पाहतात.

मग जे उसळून वर आलं ते कॉलिनबद्दल नव्हतं. आपल्या कोरड्या कपाळाची, सांभाळून ठेवलेल्या पायांची, पुढे केलेल्या मानेची — हो, पुढे केली होती, सवयीने, लहान पोर नाक पुसायला करतं तशी — अशी किळस त्याला जन्मात वाटली नव्हती.

"जिल," तो म्हणाला, "इट्स नॉट हार्ड. इट वॉज नेव्हर हार्ड."

जिलने त्याच्याकडे निरखून पाहिलं. पायरीखाली एक ठोकळा सरकवला. तो चढला, उतरला, चढला. श्वास घशाशी आला, छातीत धडधडायला लागलं. नीलांबरी म्हणाली, "पुरे आता," आणि त्याने ऐकलं नाही.

बाहेर पार्किंगमध्ये तिने गाडीचं दार उघडून धरलं.

"नीलू, मी चालत येतो."

"वारा बघा किती आहे. वाटेत काही झालं तर?"

तो चालायला लागला. ती गाडी घेऊन मागून आली, फुटपाथला लागून, त्याच्या चालीने, काच खाली करून, दोन्ही बाजूचे दिवे लुकलुकत. लोक बघत होते. तिचं कपाळ घामेजलं होतं. जा ना, तो मनात म्हणत होता, माझी काय वरात काढली आहेस? मागच्या ट्रकने हॉर्न दिला, परत दिला, आणि नाइलाजाने तिने वेग घेतला. राउंडअबाउटच्या गोल चौकावरून गाडी वळली, दिसेनाशी झाली.

तो थांबला. ती खरंच जाईल असं त्याला वाटलं नव्हतं... इतका वेळ तो तिच्याच भरवशावर चालत होता, हे आत्ता, या रिकाम्या फुटपाथवर, त्याला कळलं. वळून सभागृहात जाता आलं असतं, ते अजून जवळ होतं. छातीत ठोके पडत होते, मोठे, बेसूर, आणि ते भीतीचे की चालण्याचे हे सांगायला आसपास कुणी नव्हतं. त्याने स्वतःलाच विचारलं, किती जड? उत्तर आलं, हार्ड, आणि या वेळी ते इतकं खरं होतं की त्याला जवळजवळ हसू आलं. आप्पांचे पाय चेपताना मळमळायचं तसं मात्र मळमळत नव्हतं. तो तसाच उभा राहिला, घराच्या की सभागृहाच्या, कुठल्या दिशेला पाऊल पडतंय याची वाट पाहत.